स्कॅनपीएसटीने फाइल उघडली पण २०१९ आधीचे मेल गायब: आता काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तशाच फेऱ्यात सापडलेल्या दुसऱ्या कुणाला वाचायला सोपं जाईल. सांगलीत सीएचं ऑफिस, आउटलुक २०१६, पीओपीचं खातं (मेल सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घेणारं), सगळे मेल डी ड्राइव्हवरच्या एकाच ३८ जीबीच्या पीएसटी फाइलमध्ये. आउटलुक चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, मशीन परत चालू केल्यावर आउटलुक म्हणालं ही आउटलुकची फाइलच नाही. मग स्कॅनपीएसटी, म्हणजे आउटलुकसोबतच येणारं पीएसटी दुरुस्तीचं टूल, दोनदा चालवलं, फाइल उघडली, पण २०१९ आधीचा इनबॉक्स रिकामा आणि लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये तीनचारशे विचित्र तुकडे. हार्डवेअरवाला म्हणतो ड्राइव्ह फॉरमॅट मारू आणि रिकव्हरी चालवू, आणि तुम्ही डाउनलोड केलेल्या डेमो सॉफ्टवेअरमध्ये जुन्या मेलची नावं दिसतायत म्हणून विचारताय की ते विकत घेऊ का.

घ्यायचं का नाही ते नंतर बघू. आधी आउटलुक बंद करा. आत्ता, हे वाचताना. टास्क मॅनेजरमध्ये बघा की ते खरंच बंद झालंय, कारण खिडकी बंद केली तरी ते बऱ्याचदा मागे चालू राहतं.

एवढी घाई का ते सांगतो, बाकीचं सगळं उत्तर यावरच उभं आहे. फाइल उघडत नव्हती तेव्हा तुमचे मेल जास्त सुरक्षित होते. आता ती उघडते, तुम्ही हुश्श केलंत आणि रोजचं काम सुरू केलंत, तिथून खरं नुकसान सुरू झालं. कारण पीएसटीच्या आत कुठली जागा भरलेली आणि कुठली मोकळी याचा एक नकाशा असतो, आणि स्कॅनपीएसटी दुरुस्ती करताना तो नकाशा नव्याने बनवतो, ज्या ब्लॉक्सची (फाइलच्या आतल्या छोट्या तुकड्यांची) नोंद त्याला सापडली तेवढेच भरलेले धरतो आणि उरलेली सगळी जागा मोकळी. तुमचे २०१९ आधीचे मेल बहुतेक त्याच मोकळ्या म्हटलेल्या जागेत अजून पडून असतील, पण आज सकाळी क्लायंटने पाठवलेली ८ एमबीची बँक स्टेटमेंट आउटलुकने कुठे ठेवली असेल? मोकळ्या जागेत. त्यात फाइलमध्ये मोकळी जागा खूप झाली की आउटलुक रिकाम्या वेळात आपलं आपण फाइल आवळायला घेतं, म्हणजे तुम्ही जेवायला गेलात तरी ते कामावर. ऑफिस थांबू शकत नाही हे कळतं मला, तर सी ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर नवीन रिकामी पीएसटी करा, नवे मेल तिथे उतरवा, आणि या फाइलला हात लावू नका.

आता तो फॉरमॅटचा सल्ला. नाही म्हणजे नाही. फाइल जागेवर आहे, उघडतेय, मग ड्राइव्ह फॉरमॅट करून ती परत शोधायची याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. चेकडिस्कही चालवू नका, कारण ते फाइल सिस्टिम सुधारतं, त्यातल्या तुमच्या डेटाशी त्याला देणंघेणं नसतं, एखादी फाइल अडचणीची वाटली तर सरळ तुकडे करून बाजूला ठेवतं. सगळ्यात आधी ड्राइव्हची तब्येत बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, त्यात करंट पेंडिंग सेक्टर किंवा रीअॅलोकेटेड सेक्टर (दोन्ही खराब झालेल्या जागांच्या नोंदी) समोर रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर लाइट जाणं हे निमित्त होतं, डिस्क आधीपासूनच आजारी आहे. अशा डिस्कवरून विंडोजच्या कॉपी पेस्टने ३८ जीबी ओढू नका, एका खराब सेक्टरवर ते अडकतं, परत परत तिथेच वाचायला बघतं आणि डिस्क आणखी दमते. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अडचणीच्या जागा नकाशात लिहून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर काहीच चालवू नका, प्लग काढा, ते आतल्या हेडचं काम आहे, घरी होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच, तो माणूस तुमचा हितचिंतक असेल पण ऐकू नका.

तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त आशा आहे ती एका फालतू वाटणाऱ्या टिकमार्कवर. स्कॅनपीएसटी रिपेअर करण्याआधी खाली एक चौकोन दाखवतं, दुरुस्तीआधी बॅकअप घेऊ का असा, आणि तो मुळात टिक केलेलाच असतो. तुम्ही तो काढला नसेल तर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी बीएके असलेली फाइल पडलेली असेल, ३८ जीबीच्या आसपासची. ती पहिल्या दुरुस्तीच्या आधीची असेल तर सोनं आहे, काम त्या फाइलच्या कॉपीवर करायचं, आत्ता उघडणाऱ्या फाइलवर नाही. गोम एवढीच की तुम्ही दोनदा चालवलंत, दुसऱ्या वेळी तेच नाव ठेवून वर लिहू दिलं असेल तर पहिली प्रत गेली आणि आता जी आहे ती अर्धवट दुरुस्त झालेल्या फाइलची. फाइलची तारीख वेळ बघा, कळेल. शेजारी लॉगची फाइलही असेल, ती पुसू नका.

आता मेल गेले म्हणजे नक्की काय गेलं. आउटलुकची फाइल म्हणजे एकामागे एक लिहिलेले मेल नाहीत, आत छोटे छोटे ब्लॉक असतात, प्रत्येक जास्तीत जास्त ८,१९२ बाइटचा, आणि ते ६४ बाइटच्या पटीतल्या जागांवरच सुरू होतात. कुठला ब्लॉक कुठे आहे याचं एक झाड, आणि कुठला मेल, कुठला फोल्डर कुठल्या ब्लॉकचा बनलाय याचं दुसरं झाड. वाचनालयातली कार्डांची पेटी आठवा. पुस्तकं कपाटात आहेत पण पेटी सांडली, कार्डं हरवली, तर ग्रंथपाल म्हणणार पुस्तक नाही. झाडाचं प्रत्येक पान ५१२ बाइटचं, म्हणजे जुन्या डिस्कचा बरोब्बर एक सेक्टर, त्यात जास्तीत जास्त २० नोंदी मावतात, त्या २० नोंदी खालच्या २० पानांकडे बोट दाखवतात, ती त्यांच्या खालच्या २० कडे. गुणाकार करत गेलात तर लक्षात येईल की वरच्या थरातलं एक पान बिघडलं तर लाखभर ब्लॉक्सचा पत्ता जातो, तोही ब्लॉक्सना ओरखडासुद्धा न उठता. लाइट गेली तेव्हा तुमच्या फाइलचं असंच काहीतरी वरचं पान अर्धवट लिहिलं गेलं असणार असा माझा अंदाज, कारण तारखेच्या एका बाजूचं सगळं जाणं आणि दुसऱ्या बाजूचं सगळं राहणं हे फांदी तुटल्याचं लक्षण आहे, डेटा मेल्याचं नाही.

आणि इथेच पीएसटीची ही रचना ठरवणाऱ्या मंडळींची मेहेरबानी मानायला हवी, प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी १६ बाइटची शेपटी असते, तिच्यात ब्लॉकची लांबी, त्याचा नंबर आणि एक चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा. म्हणजे पेटी पूर्ण जळली तरी प्रत्येक पुस्तकाच्या मागे शिक्का आहेच. चांगलं रिकव्हरी टूल हेच करतं, झाडाकडे बघतच नाही, फाइलच्या पहिल्या बाइटपासून ६४-६४ च्या उड्या मारत जातं, शेपटी सापडली की चेकसम ताडून बघतं, जुळला तर ब्लॉक खरा, आणि मग नंबरांवरून मेल परत जोडतं. स्कॅनपीएसटी सहसा एवढ्या खोलात जात नाही. त्याचं काम फाइल उघडण्याजोगी करणं, मेल वाचवणं हे जमलं तर जमलं. हे वाईट टूल आहे असं नाही, छोट्या बिघाडाला मी पण तेच वापरतो, पण कॉपीवर. लोक सांगतात ना की सात-आठ वेळा चालवा, चूक शून्य येईपर्यंत चालवा, ते कॉपीवर करायला माझी हरकत नाही, मूळ फाइलवर मात्र प्रत्येक फेरीत ते थोडं थोडं कापतच जाऊ शकतं.

एक तपासणी तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता. बीएके फाइलची कॉपी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये, उघडा, एचएक्सडी चालेल. पहिली चार अक्षरं उद्गारचिन्ह आणि मग बीडीएन अशी दिसायला हवीत. ती नसली म्हणून घाबरू नका, सुरुवात बिघडली तरी मागचं शाबूत असू शकतं. खाली मध्ये मध्ये उड्या मारून बघा. सगळीकडे नुसती शून्यं असतील तर मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही, लाइट गेल्यावर फाइलची साइज नोंदली जाते पण आतला मजकूर डिस्कवर उतरलेलाच नसतो असं होतं कधीकधी, अशा फाइलमधून जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर काही काढू शकत नाही. हेक्स एडिटरची भीती वाटत असेल तर कॉपी झिप करा. ३८ जीबीची झिप काही एमबीची झाली तर आत हवा आहे, तीस-बत्तीस जीबीची झाली तर आत ऐवज आहे.

पण हेक्समध्ये क्लायंटचं नाव शोधून बघितलं, सापडलं नाही, म्हणून मेल गेले असं समजू नका. हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. पीएसटीत मजकूर मुळातच अक्षर बदलून लिहिलेला असतो, प्रत्येक बाइटच्या जागी ठरलेला दुसरा बाइट, त्यामुळे साध्या शोधात काही लागत नाही. त्याला किल्ली लागत नाही, टूल ते आपोआप उलटवतं. तसंच पीएसटीला लावलेला पासवर्ड, तो विसरलात तरी रिकव्हरीत आड येत नाही, कारण त्याने डेटा कुलूपबंद होतच नाही, फाइलमध्ये पासवर्डचा नुसता चेकसम ठेवलेला असतो आणि आउटलुक तेवढाच ताडून बघतं.

आता एक केस सांगतो, आमच्या लाइनीतल्या माणसाच्या लक्षात राहणारी. पिंपळगाव बसवंतकडचे एक द्राक्ष निर्यातदार, आउटलुक २००७, त्या काळी फाइलला २० जीबीची मर्यादा होती आणि यांची फाइल तिच्या अगदी काठावर, वर ती एक्स्टर्नल ड्राइव्हवर ठेवलेली आणि मुलाने गाणी भरायला म्हणून ती वायर काढली. आउटलुक चालू असताना. माझ्याकडे येईपर्यंत त्यांच्या ऑफिसातल्या एकाने स्कॅनपीएसटी तीनदा चालवलेलं, बॅकअपची टिक काढून, कारण ड्राइव्हवर जागा नव्हती. ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली, ब्लॉक स्कॅन रात्री लावला, सकाळी बघतो तर सव्वा लाख तुकड्यांचा ढीग, फोल्डर नाही, नावं नाहीत, क्रम नाही. पहिला उघडला त्याचा विषय होता कंटेनर उद्या न्हावाशेवाला लागतोय, फायटो कुठाय. मजकूर पूर्ण, स्वल्पविरामासकट. खाली जोडलेली त्या फायटोची, म्हणजे निर्यातीला लागणाऱ्या पीक-आरोग्य सर्टिफिकेटची, पीडीएफ मात्र उघडेना.

असं का होतं ते कळलं की अपेक्षा नीट ठेवता येतात. साधा मेल एकदोन ब्लॉकमध्ये मावतो, तो एक तर येतो किंवा येत नाही. ५ एमबीची अटॅचमेंट म्हणजे साडेसहाशेच्या आसपास ब्लॉक, शिवाय त्यांची यादी ठेवणारा वेगळा ब्लॉक, आणि त्या साडेसहाशेतला एक जरी नव्या मेलने खाल्ला तरी फाइलला भोक पडतं. म्हणून रिकव्हरीत मजकूर ९० टक्के आला आणि अटॅचमेंट अर्ध्या आल्या तर ते टूलचं पाप नसतं. अशा भोक पडलेल्या पीडीएफ फेकू नका, पीडीएफ रिपेअर करणाऱ्या टूलमधून बरीच पानं निघतात, आणि एक्सेल, वर्ड यांच्या नव्या फाइली आतून झिपच असतात, झिप रिपेअर केल्यावर आकडे तरी हाती लागतात. त्या द्राक्षवाल्यांची जी सर्टिफिकेटं आली नाहीत ती शेवटी त्यांच्या क्लिअरिंग एजंटच्या सेंट फोल्डरमधून मागवली, रिकव्हरीतला तो भाग मी तीन फोन करून केला आणि त्याचे पैसे घ्यायला लाज वाटली.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे बघा, मेल आणखी कुठे आहेत का. पीओपी असलं तरी सर्व्हरवर प्रत ठेवा हा पर्याय चालू असेल तर काही सापडतं, आउटलुक २०१० पासून पुढे तो मुळात १४ दिवसांवर लावलेला असतो पण कुणी कधी बदलला असेल तर सांगता येत नाही, वेबमेल उघडून बघायला काय जातंय. जुना लॅपटॉप, पार्टनरचं मशीन, २०१८ मध्ये मशीन बदलताना कुणीतरी पेनड्राइव्हवर घेतलेली पीएसटी, हे सगळं शोधा, कारण तुम्हाला हवेत ते २०१९ आधीचेच मेल आणि ऑफिसात मशीन बदललं की कॉपी घेतलेली असतेच, नुसती कुणाला आठवत नाही. डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्स पण बघा, बऱ्याच मशीनवर ते फक्त सी ड्राइव्हला चालू असतं, पण असलं तर तुमचं काम फुकटात झालं. आणि फार महत्त्वाचे दहावीस मेल असतील तर क्लायंटला सांगा की अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करा, साधं फॉरवर्ड नको, म्हणजे मूळ तारीख आणि हेडर जसंच्या तसं येतं, उद्या नोटिशीला उत्तर देताना तेच लागतं.

आता डेमो. डेमोत नावं दिसणं याला फार अर्थ नाही, विषय आणि पाठवणारा ही माहिती फोल्डरच्या तक्त्यात वेगळी लिहिलेली असते, मेल मेला तरी तक्ता जिवंत असू शकतो. प्रीव्ह्यूमध्ये आतला मजकूर दिसतो का ते बघा, २०१५, २०१६, २०१७ असे वेगवेगळ्या वर्षांतले दहा मेल उघडा, त्यातल्या मोठ्या अटॅचमेंट उघडून बघता येतात का ते बघा, आणि डेमो बीएके फाइलच्या कॉपीवर चालवा. अटॅचमेंटचा प्रीव्ह्यूच देत नसेल तर मी तरी पैसे टाकणार नाही. त्याआधी लिबपीएफएफ नावाचं मुक्त टूल आहे, त्यातलं पीएफएफएक्सपोर्ट रिकव्हर्ड मोडमध्ये चालवून बघा, काळी खिडकी आहे, कमांड टाइप करावी लागते, देखणं काही नाही, पण पुसलेले आणि झाडातून तुटलेले मेल शोधतं आणि एक पैसा घेत नाही. मी नेहमी त्याने सुरुवात करतो आणि मग पैशाचं टूल काढतो, दोघांच्या निकालात फरक पडतो, त्यामुळे दोन्ही ढीग एकत्र करून मेसेज आयडीवरून (प्रत्येक मेलच्या हेडरमधला त्याचा स्वतःचा ओळख नंबर) डुप्लिकेट काढायचे.

तुमच्यासारखे पण दुसऱ्या गाडीत बसलेले लोक हे वाचतील म्हणून थोडं. ओएसटी असेल, म्हणजे एक्स्चेंज किंवा ३६५ चं खातं, तर ती सर्व्हरची नक्कल आहे, नाव बदलून ठेवा, आउटलुक नवी बनवून घेईल. पण सर्व्हरवरचं खातंच बंद झालं असेल किंवा रिकामं असेल तर आधी नेटची वायर काढा, नाहीतर सिंक होऊन तुमची एकुलती एक प्रतही सर्व्हरसारखी रिकामी होईल.

थंडरबर्डवाले सगळ्यात नशीबवान. तिथे प्रत्येक फोल्डर म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, एमबॉक्स, आणि शेजारी तिची एमएसएफ नावाची अनुक्रमणिका. मेल दिसेनासे झाले तर थंडरबर्ड बंद करून फक्त एमएसएफ पुसा, चालू केल्यावर नवी बनते आणि निम्म्या केस तिथेच मिटतात. डिलीट झालेले मेलसुद्धा फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्ये असतात, एमबॉक्सची कॉपी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, प्रत्येक मेलच्या डोक्यावर एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते, तिथे ०००९ दिसलं तर तो वाचलेला आणि पुसलेला, त्याचं ०००१ करा, सेव्ह करा, थंडरबर्ड बंद ठेवून ती कॉपी मूळ फाइलच्या जागी ठेवा, एमएसएफ पुसा, मेल उठून बसतो.

आणि एक आपल्याकडचीच गंमत. जुन्या फाइलमधून मेल निघतात आणि लोक मला फोन करतात की सगळं करप्ट आलं, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा झालाय. अहो ते करप्ट नाही, २००२-०३ साली ते शिवाजी नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं आहे, फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरमधून काढा, अक्षर न अक्षर आहे. विषयात नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, युनिकोडच्या आधीच्या जुन्या अॅन्सी प्रकारच्या पीएसटीत देवनागरी मावतच नाही, युनिकोडमधला विषय तिथे उतरताना प्रश्नचिन्हं होऊनच उतरतो आणि ती परत फिरत नाहीत. आतला मजकूर मात्र अशा वेळी कित्येकदा नीट असतो, उघडून बघा.

तुमच्याकडे परत येतो. आज एवढंच करा: नवी पीएसटी करून ऑफिस चालू ठेवा, क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट घ्या, आणि ती बीएके फाइल आहे का, तिची साइज किती आणि तारीख वेळ काय ते मला सांगा. पहिल्या दिवसाचीच निघाली तर तुमचं काम तुम्ही घरी बसून कराल, माझ्याकडे डिस्क पाठवायची गरज पडणार नाही.